होरेशियोदादांचे शुभेच्छुक

"नाही आवडलं," फोन ठेवत मी म्हटलं.

इकबालभाईंनी हातातली ड्रिल मशिन टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून ते बसले. "आता काय झालं, ताई?"

"म्हणाल्या, भिंतीला माया नाही."

"माया कुठल्या मटेरियलमध्ये येते?" सागर कॉम्प्युटरच्या मागून म्हणाला. कुणी हसलं नाही, कारण तो खरंच विचारत होता.

आमचं वर्कशॉप दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. प्रदर्शनांचे स्टॉल, दुकानांचे बोर्ड, ऑफिसांच्या लॉबीतल्या सजवलेल्या भिंती, असलं सगळं आम्ही करतो. मी प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे क्लायंटचं ऐकून घ्यायचं, ते कामगारांना सांगायचं आणि दोन्हीकडून बोलणी खायची. इकबालभाई आमचे फोरमन, मंडणगडकडच्या खाडीकाठच्या गावातले. सागर ग्राफिक डिझायनर, इस्लामपूरचा. गावी त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दशक्रिया, सगळे बोर्ड तो करायचा. इथे त्याला मोठमोठ्या कंपन्यांची कामं मिळतात आणि तो दिवसभर पांढऱ्या भिंतीवर करडी अक्षरं लावत कंटाळतो.

त्या आठवड्यात प्रश्न भिंतीचा नव्हता, इकबालभाईंच्या रजेचा होता. त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह रविवारी होता आणि तिकीट गुरुवारी रात्रीचं. थोरलीच्या निकाहाला त्यांना जाता आलं नव्हतं. एका प्रदर्शनाचं काम अडकलं होतं, तेव्हा हॉलमध्ये परांचीवर बसून, मोबाइल पाइपला टेकवून त्यांनी तो सोहळा पाहिला होता. ऐन "कबूल है"च्या वेळी नेटवर्क गेलं. धाकटीने तेव्हाच बजावून ठेवलं होतं की अब्बा, माझ्या वेळी मोबाइलमध्ये आलात तर मी फोन उचलणार नाही.

पण आमचे बॉस मिस्टर नबील यांनी रजेच्या अर्जावर सही केली नव्हती. नबील लेबनॉनचे. कामगारांबरोबर राहून राहून त्यांचं स्वतःचं एक हिंदी तयार झालंय. ते म्हणाले, "हबीबी, पहले हँडओव्हर, बाद में शादी. हँडओव्हर नहीं, छुट्टी खलास." हँडओव्हर म्हणजे काम पूर्ण करून क्लायंटच्या ताब्यात देणं आणि त्यांची सही घेणं. ती सही होईपर्यंत काम आमच्या गळ्यात असतं. क्लायंटला नुसतं डिझाइनही पसंत नव्हतं, मग हँडओव्हर कसला डोंबलाचा होतोय.

क्लायंट होत्या दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनमधल्या एका अमेरिकन शाळेच्या प्रिन्सिपल, लोर्ना ग्रिंडल. त्यांचे खापरपणजोबा होरेशियो ग्रिंडल हे दीडेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काँग्रेसमन होते. शाळेला त्यांचंच नाव दिलेलं. लॉबीत त्यांच्या जीवनाची आणि कारकिर्दीची भिंत करायची होती आणि गुरुवारी संध्याकाळी तिचं उद्घाटन होतं.

काँग्रेसमन म्हणजे नक्की कोण, हे मी घरी लेकीला विचारलं. ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "लाइक अॅन एमपी, आई. ऑब्व्हियसली." म्हणजे आपल्याकडचा खासदार. एवढं कळल्यावर पुढचं सगळं आपोआप कळत गेलं.

लोर्नाबाईंनी त्यांच्या चरित्राची पीडीएफ पाठवली होती. ती मी चहाच्या वेळी वर्कशॉपमधल्या मुलांना मराठीत वाचून दाखवायचे, कारण ज्याची भिंत करायची तो माणूस कोण हे माहीत असलं की हात चांगला चालतो, असं माझं मत आहे. होरेशियो ओहायोत लाकडी खोपटात जन्मला. आधी शाळामास्तर झाला, मग वकील. मग निवडून आला. मग पडला. पहिला पक्ष त्याने सोडला, कारण एका सभेत व्यासपीठावर त्याच्यासाठी खुर्ची ठेवली नव्हती. दुसऱ्या पक्षातून उभा राहिला, पडला. तिसऱ्यातून निवडून आला. मग तो पक्षच बंद पडला. म्हातारपणी पहिल्या पक्षात परत गेला, तेव्हा खुर्ची मिळाली, पण तिकीट मिळालं नाही.

"ह्यो आपलाच माणूस हाय की," आमचा सुतार नामदेव म्हणाला. नामदेव जतकडचा. राजकारण त्याच्या रक्तात आहे, मतदानाला मात्र तो कधी गावी नसतो.

आयुष्यभर होरेशियोने एकच गोष्ट मागितली, गावच्या नदीवर पूल. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, उभा राहिला की पूल. मंत्री भेटला की पूल. शेवटी मंजूर झाला, बांधूनही झाला. पुढच्याच पुरात नदीने वाट बदलली आणि पूल कोरड्या शेतात उभा राहिला.

"आमच्याकडं पण झालंय," नामदेव म्हणाला. "आमच्या पुलाखाली तर आधीपासनंच नदी न्हवती."

"पक्ष बदलले तर बदलले," इकबालभाई म्हणाले. "पूल तर एकच मागत राहिला ना माणूस."

यावर रोज वाद व्हायचा. होरेशियो गद्दार होता की निष्ठावान, यावरून वर्कशॉपमध्ये दोन तट पडले. रंगारी एका बाजूला, सुतार दुसऱ्या बाजूला. एकदा सँडिंग मशिनच्या आवाजात सुद्धा भांडण चालू होतं आणि नबील काचेआडून बघून खूश झाले, कारण त्यांना वाटलं की मुलं कामाबद्दल चर्चा करताहेत.

प्रत्यक्ष काम मात्र पुढे सरकत नव्हतं. आम्ही रेंडर पाठवायचो. रेंडर म्हणजे भिंत बांधून झाल्यावर कशी दिसेल याचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. लोर्नाबाई ते बघायच्या आणि नाही म्हणायच्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. होरेशियोचा एकुलता एक फोटो होता. पांढरी दाढी, आवळलेली मूठ, बँकेच्या वसुलीला आल्यासारखी नजर. तो फोटो मधे, बाजूने तारखा, खाली पुलाचा नकाशा. दवाखान्याच्या भिंतीवर बीपीची माहिती लावतात तसं ते दिसत होतं. सागरने रंग बदलले, अक्षरं बदलली, लाकडाची चौकट टाकली. नाही म्हणजे नाही.

मंगळवारी तो मायेचा फोन आला आणि सागरचं डोकं फिरलं. त्याने रेंडरची फाइल बंद केली आणि जे हाताला येईल ते बनवायला घेतलं. प्रिंटिंगमध्ये कडेला वाया जाणारा व्हिनाइल असतो, बोर्डावर चिकटवायचा प्लॅस्टिकचा कागद. त्यावर त्याने ते छापलं आणि चहाच्या कोपऱ्यात टांगलं. मी पाहिलं ते असं.

मागे उगवता सूर्य, त्याचे भगभगीत किरण. एका बाजूला पंख पसरलेला गरुड, दुसऱ्या बाजूला पूल, आणि पुलाखाली सागरने उदार मनाने नदी परत आणून सोडलेली. मधे होरेशियो, दाढी तीच, पण अंगात पांढराशुभ्र कुर्ता आणि हात जोडलेले. वर लिहिलं होतं, "ओहायोचे ढाण्या वाघ, पूलसम्राट, गोरगरिबांचे कैवारी, मा. होरेशियोदादा ग्रिंडल यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." आणि खाली, आपल्याकडे असतात तसे, गोल चौकटींत शुभेच्छुकांचे चेहरे. इकबालभाई, नामदेव, दोन रंगारी, वेल्डर आणि स्वतः सागर, गॉगल लावून. त्याखाली पट्टी, "होरेशियोदादा ग्रिंडल युवा मंच, अल कुसैस."

युवा मंचातल्या नामदेवला नातवंडं होती. वेल्डर रिटायर व्हायला आला होता. पण चहा पिताना सगळे बोर्डासमोर उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. बऱ्याच दिवसांनी वर्कशॉपमध्ये कुणीतरी मोकळं हसत होतं, म्हणून मी तो बोर्ड काढायला लावला नाही.

बुधवारी सकाळी लोर्नाबाई मॉक-अप बघायला येणार होत्या. मॉक-अप म्हणजे भिंतीच्या एका तुकड्याचा खऱ्या मापाचा नमुना. येणार होत्या अकराच्या सुमारास आणि आल्या नऊलाच, नबीलना बरोबर घेऊन. नबील दारातूनच ओरडले, "यल्ला, चाय लाव!" आणि बाईंना सरळ चहाच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

मी धावत पोचले तेव्हा त्या बोर्डासमोर उभ्या होत्या. नबीलही उभे होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. इकबालभाई चहाचा ट्रे घेऊन मधेच थांबले होते.

बाईंचं इंग्रजी मी इथे मराठीत सांगते. त्या म्हणाल्या, "हे होरेशियो आहेत."

"हो मॅडम. म्हणजे, ही गंमत आहे. आत्ता काढते."

"हात लावू नका." त्या आणखी जवळ गेल्या. "वर काय लिहिलंय?"

आता काय करणार? मी शब्दन् शब्द सांगितला. वाघ, सम्राट, कैवारी. मग त्या इकबालभाईंकडे वळल्या, कारण ते त्यांच्या सगळ्यात जवळ होते. "हे त्यांच्याबद्दल खरं आहे असं वाटतं तुम्हाला?"

इकबालभाईंनी ट्रे सांभाळत प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, ये सबके लिए लिखते हैं."

मी भाषांतर केलं. बाई पहिल्यांदाच हसल्या. मग खालच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवत विचारलं, "आणि ही मंडळी?"

"हमारे लोग," इकबालभाई म्हणाले. मग चूक दुरुस्त करावी तसं म्हणाले, "उनके लोग."

खोटं माझ्या पचनी पडत नाही, विशेषतः नबील शेजारी असताना. मी स्पष्ट सांगितलं की मॅडम, हे आमचे सुतार आणि रंगारी आहेत, यांचा ओहायोशी काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "ते कळतंय मला. यांच्याच हातात माझा चहा आहे."

मग त्यांनी स्टूलवर बसून चहा घेतला आणि सांगितलं ते असं. त्यांच्या घरात होरेशियोची सगळी भाषणं जपून ठेवली आहेत. कोट आहे, काठी आहे, पुलाचा नकाशा आहे. पण एवढ्या सगळ्यात त्यांच्या शेजारी उभं असलेलं एकही माणूस नाही. ते इतक्यांदा हरले की शेवटी शेवटी त्यांच्या सभेला कुणी यायचं नाही. "मला लहानपणापासून तो फोटो बघून त्यांची भीती नाही वाटायची," त्या म्हणाल्या. "कीव यायची. इथे त्यांच्याबरोबर माणसं आहेत. मला हीच भिंत हवी."

नबील हुशार माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि ते म्हणाले, "मॅडम, हाच आमचा कन्सेप्ट होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाईंच्या अटी सोप्या होत्या. वाढदिवस नको, कुर्ता नको, मजकूर इंग्रजीत आणि खरा हवा. सूर्य आणि गरुड ठेवा. नदीबद्दल त्यांनी थोडा विचार केला आणि ती पण ठेवा म्हणाल्या. चेहरे ठेवायचेच, फक्त कपडे त्या काळातले हवेत. आणि युवा मंचाची मराठी पट्टी तशीच हवी, कारण ती अक्षरं त्यांना फार आवडली.

दुपारी दुबईच्या देरा भागातल्या एका दुकानातून काळे कोट आणि उंच टोप्या भाड्याने आणल्या. ते दुकान वाढदिवसाच्या पार्ट्यांचं असल्यामुळे टोप्या जादूगाराच्या निघाल्या. एकीत ससा होता, कापडाचा. वर्कशॉपमध्ये फोटो काढताना घामाने सगळ्यांची वाट लागली, पण तक्रार कोणीही केली नाही. नामदेवने मिशांना तेल लावलं. फोटो गावी पाठवून झाल्यावरच त्याने टोपी काढली.

इथे वाचकांना एक तांत्रिक बाब सांगायला हवी. आपल्याकडच्या फ्लेक्सवर कुणाचा चेहरा कुठे आणि केवढा, ही शोभेची गोष्ट नसते. नेत्याच्या जितकं जवळ आणि जितका गोल मोठा, तितकं माणसाचं वजन. सागर सांगत होता की गावी त्याच्या दुकानात यावरून खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या. त्यामुळे त्याने फार विचार करून रचना केली. होरेशियोच्या उजव्या हाताला सगळ्यात मोठ्या गोलात इकबालभाई, बाकीचे ज्येष्ठतेप्रमाणे. मी ते तपासलं. मापं बघितली, रंग बघितले, इंग्रजी स्पेलिंग बघितलं. इतकी वर्षं या धंद्यात असूनही, कोण राहिलंय हे मात्र मी बघितलं नाही.

राहिला होता दिलीप. दिलीप आमचा इलेक्ट्रिशियन, चिपळूणकडचा, गुणी आणि मानी. मंगळवारी आणि बुधवारी तो खोर फक्कानला बंदराजवळच्या एका ऑफिसचा बोर्ड जोडायला गेला होता. त्यामुळे तो पहिल्या बोर्डावर नव्हता आणि दुसऱ्यावरही नव्हता.

गुरुवारी सकाळी आम्ही दोन गाड्यांनी अल ऐनला निघालो. दिलीप खोर फक्कानहून परस्पर आला. दुपारपर्यंत लॉबीत भिंत उभी राहिली. मागून लाइट लागले की तो सूर्य खरोखर उगवल्यासारखा दिसणार होता, अशी सागरची योजना होती. नबील म्हणाले चार वाजता हँडओव्हर. इकबालभाईंची बॅग गाडीत तयार होती. रजेचा अर्ज नबीलच्या खिशात होता, बिनसहीचा.

मग माझ्या मोबाइलवर वर्कशॉपच्या ग्रुपमध्ये मेसेज दिसला की दिलीप ग्रुपमधून बाहेर पडला आहे.

मी मान वर केली. भिंतीसमोर वायरचं भेंडोळं पडलं होतं. दिलीप नव्हता. तो पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये काचा वर करून बसला होता.

"दिलीप, लाइट?" मी काचेवर टकटक केलं.

त्याने काच थोडी खाली केली. "ताई, मी नाराज नाही."

हे वाक्य मराठी माणसाने उच्चारलं की पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला कळतं.

"मग काय झालं?"

"काही नाही. माझी भूमिका मी योग्य वेळी स्पष्ट करीन."

"अरे, चार वाजता हँडओव्हर आहे."

"युवा मंचाला माझी गरज वाटली नाही, तर लाइटला का वाटावी?" त्याने काच वर केली.

नबील आले. "क्या बोलता है?"

"म्हणतोय, भूमिका स्पष्ट करणार."

"लाइट पहले, भूमिका बाद में!"

दुसरा इलेक्ट्रिशियन मागवण्याची सोय नव्हती. शाळेत मुलं असतात, त्यामुळे आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी कळवून परवानगी काढावी लागते. नवीन नाव त्या दिवशी चढणं शक्य नव्हतं. आणि वायरिंग दिलीपच्या डोक्यात होतं, कुठली वायर कुठे जाते हे तोच जाणे. त्याच्याशिवाय सूर्य नाही, सूर्याशिवाय सही नाही.

आम्ही सगळे व्हॅनभोवती गोळा झालो. एक शिष्टमंडळच म्हणा ना. सागरने तोडगा काढला. आपल्याकडे एखादा शुभेच्छुक छपाईनंतर आठवला तर त्याचा स्टिकर करून वरून चिकटवतात. शाळेच्या जवळच एका मल्याळी माणसाचं प्रिंटिंगचं दुकान होतं. दिलीपचा फोटो काढायचा, टोपी मोबाइलमध्येच चढवायची, स्टिकर छापायचा, चिकटवायचा.

"कुठे चिकटवणार?" दिलीपने काच खाली करून विचारलं.

"शेवटी, वेल्डरच्या बाजूला. जरा जागा आहे."

"कोपऱ्यात? नको. त्यापेक्षा नसलेलं बरं." काच परत वर.

मी नामदेवला विचारलं, तू जागा देतोस का. तो म्हणाला, "ताई, फोटो गावात सगळीकडं फिरलाय. सरपंचानं लाइक केलंय." सागर म्हणाला की डिझायनरचा चेहरा काढणं त्याला नैतिकदृष्ट्या पटत नाही. रंगारी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले. वेल्डर व्हॅनपासून दोन पावलं मागे सरकला. दीडशे वर्षांपूर्वी ओहायोत एका खुर्चीवरून एकाने पक्ष सोडला होता, आणि इथे अल ऐनच्या पार्किंगमध्ये मी एका गोल स्टिकरवरून हात टेकले होते.

"माझ्यावर लाव," इकबालभाई म्हणाले.

सागर म्हणाला, "भाई, ती मेन जागा आहे. दादांच्या उजव्या हाताची."

"म्हणूनच म्हणतो. मापात बसेल."

दिलीपने या वेळी काच पूर्ण खाली केली. त्याचा चेहरा उतरला होता. "भाई, तुमच्या जागेवर नाही. मला तसं नव्हतं म्हणायचं. तुमची जागा मी कशी घेऊ?"

इकबालभाई खिडकीशी वाकले. आवाज चढवला नाही. "लेका, थोरलीचं लग्न मी परांचीवरून बघितलं. धाकटी माझी वाट बघतेय. मला त्या भिंतीवर राहायचं नाही रे, मला घरी जायचंय. तू जागा घे आणि लाइट लाव."

दिलीप खाली उतरला. डोळे पुसले की घाम पुसला ते मी विचारलं नाही. त्याचा फोटो पार्किंगच्या भिंतीसमोर उभा करून काढला आणि तो सरळ वायरकडे गेला. सागर दुकानात पळाला. स्टिकर आला, इकबालभाईंनी तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या चेहऱ्यावर बसवला, कडा कापडाने दाबल्या, बुडबुडे काढले. फोरमन आहेत ते. आपलाच चेहरा झाकतानाही त्यांनी काम नीट केलं, आणि ते बघताना मला भरून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

चारला लोर्नाबाई आल्या. दिलीपने बटण दाबलं. सूर्य उगवला, गरुड उजळला, नदी चमकली, आणि होरेशियो ग्रिंडल, त्याच जुन्या वसुलीच्या चेहऱ्याने, आपल्या माणसांमध्ये उभा राहिला. बाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी बोट दाखवलं.

"काल पाठवलेल्या चित्रात इथे वेगळे गृहस्थ होते. माझा चहा आणणारे."

नबीलनी माझ्याकडे पाहिलं. यावर त्यांना कुठला कन्सेप्ट सुचेना. मी खरं तेच सांगितलं. मंचात एकाची नाराजी झाली, कारण तो राहून गेला होता. त्या गृहस्थांनी त्याला आपली जागा दिली, कारण त्यांना मुलीच्या लग्नाला जायचंय.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "होरेशियोंनाही अशी जागा देणारं कुणी भेटलं असतं, तर ते एकाच पक्षात राहिले असते." आणि सही केली. किरकोळ दुरुस्त्यांची यादी क्लायंट अशा वेळी देतात, त्याला आम्ही स्नॅग लिस्ट म्हणतो. त्यांनी तीही दिली नाही. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच झालं.

नबीलनी खिशातून अर्ज काढला, शाळेच्या भिंतीवरच टेकवून सही केली. "यल्ला इकबाल, जाओ. मेरे तरफ से बेटी को मबरूक." दिलीपने त्यांना स्वतः दुबई एअरपोर्टला सोडलं. वाटेत त्याने भूमिका स्पष्ट केली असं ऐकलं. ती अशी की आपण कधी नाराज नव्हतोच. ग्रुपमध्येही तो परत आला.

सोमवारी इकबालभाईंचा गावाहून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचा गलका. निकाह व्यवस्थित झाला, म्हणाले. मुलगी सासरी गेली, रडली, रडवलं. मग आवाज जरा खाली आला.

"पण ताई, काल सकाळी मोठी भानगड झाली होती. नवरीचे मामा जेवायलाच बसेनात."

"का?"

"पोरांनी गावाच्या तोंडाला फ्लेक्स लावला होता. त्यावर मामांचा फोटो राहिला."

"अरे देवा. मग काय केलंत?"

"माझा होता ना, त्यावर चिकटवला."

"भाई, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या बोर्डावरून तुम्ही गायब?"

"तर काय झालं?" ते म्हणाले. "बोर्डाच्या खालीच तर उभा होतो."

भिंत अजून अल ऐनला आहे. मी या अनुभवातून एवढंच शिकले की कुठलीही फाइल छपाईला पाठवण्याआधी मापं, रंग आणि स्पेलिंग नंतर तपासावं. आधी वर्कशॉपमध्ये उभं राहून विचारावं, बाबांनो, कोण राहिलंय?